पाण्याखालचा ठेवा

चाळीसगांव स्टेशन सोडून आगगाडी पुढें निघाली कीं दोन्ही अंगांस काळ्या जमिनीचा विस्तार दिसूं लागतो, आणि दक्षिणेकडे सातमाळ्याच्या डोंगरांची निळसर ओळ बराच वेळ सोबत करते. ही काळी जमीन म्हणजे खानदेशचें वैभव. कपाशी पिकते ती तिच्यावर आणि व्यापारपेठा भरतात त्याही तिच्याच जोरावर. ही जमीन इतकी काळी कां, असें शाळेंतल्या एखाद्या चुणचुणीत मुलाला विचारावें, तर तो हटकून उत्तर देतो कीं, कोळसा काळा असतो तो त्यांतील कर्बामुळें, तेव्हां या मातींतही कर्ब भरपूर असला पाहिजे. तर्क सरळ आहे. निष्कर्ष मात्र चुकीचा आहे.

खानदेशची काळी माती दख्खनच्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन तयार झाली. तिचा काळेपणा आहे तो चिकणमातीच्या खनिजांचा, आणि त्या बारीक कणांना घट्ट चिकटून बसलेल्या थोड्याशा सेंद्रिय द्रव्याचा. मातीपरीक्षणाचा अहवाल हातीं घेतला तर शंभर भाग मातींत सेंद्रिय कर्ब सहसा एक भागही भरत नाहीं. ऊन कडक, पाऊस चार महिन्यांचा, आणि नांगरट दरवर्षींची. अशा मोकळ्या, उबदार मातींत पडलेला पालापाचोळा सूक्ष्म जंतु भराभर खाऊन टाकतात, आणि त्यांतील कर्ब वायुरूपानें हवेंत निघून जातो.

परंतु पृथ्वीच्या पाठीवर अशीही जमीन आहे कीं, तिचा एक गोळा वाळवून तोलला तर त्याच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग कर्बच भरतो. या जमिनीला पीट म्हणतात. आपल्याकडे ती क्वचितच आढळते, म्हणून तिला मराठींत रूढ असें नांव पडलें नाहीं. हजारों वर्षें दलदलींत सांचत गेलेला, अर्धवट कुजलेला वनस्पतींचा थर, असें तिचें वर्णन करतां येईल. या जमिनीशीं आपला काय संबंध, असा प्रश्न श्रोत्यांच्या मनांत सहज येईल. संबंध आहे, आणि तो फार दूरचाही नाहीं. मात्र तो समजण्यासाठीं आधीं पीट कसें टिकतें हें पाहिलें पाहिजे.

प्रत्येक घरांत लोणच्याची बरणी असते. कैरीच्या फोडी तेलांत बुडालेल्या असतात तोंपर्यंत वर्ष गेलें तरी लोणचें नासत नाहीं. तेलाची पातळी खालीं गेली, चार फोडी उघड्या पडल्या, कीं त्यांवर बुरशी धरते. जाणती गृहिणी म्हणूनच बरणी उघडली कीं आधीं तेलाकडे पाहते. पीटचें गणित नेमकें हेंच आहे. फरक इतकाच कीं, तेथें तेलाचें काम पाणी करतें. दलदलींत शेवाळ, गवत, झाडांचीं पानें व मुळें मरून पडतात आणि पाण्यांत बुडतात. सांचलेल्या पाण्यांत प्राणवायु अगदीं थोडा असतो. कुजविणाऱ्या जंतूंचा तेथें जोर चालत नाहीं. पुढच्या वर्षीं त्यावर दुसरा थर पडतो, त्यापुढच्या वर्षीं तिसरा. वनस्पतींनीं जिवंतपणीं हवेंतून घेतलेला कर्ब अशा रीतीनें पाण्याखालीं कुलुपबंद होऊन राहतो.

हा ठेवा वाढतो किती सावकाश! साधारणतः वर्षाला एक मिलिमीटर, म्हणजे नखाच्या जाडीइतका काय तो थर. चाळीसगांवाजवळ पाटण येथें, पाटणादेवीच्या परिसरांत, एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिल्याची व त्यास १२०७ सालीं मिळालेल्या दानाची नोंद त्यांत आहे. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इसवी सन १११४ चा. त्यांच्याच पद्धतीनें एक उदाहरण घालूं. त्यांच्या जन्मवर्षीं दलदलींत पडलेलें पान वर्षाला एक मिलिमीटर या मानानें आज किती खोल गेलें असेल? उत्तर, सुमारें एक्याण्णव सेंटिमीटर. तीन फूट म्हणाना. आचार्यांपासून आजवर जितका काळ लोटला तो सारा त्या तीन फुटांत घडी घालून ठेवलेला आहे. आणि आजचें खोदकामाचें यंत्र तेवढा खड्डा चहा निवण्याच्या आंत पाडतें.

दगडी कोळसा म्हणजे याच पीटचें म्हातारपण. चाळीसगांव-धुळें ही लोहमार्गाची शाखा १९०० सालीं सुरू झाली. वाफेच्या इंजिनांच्या काळांत भट्टींत जो कोळसा पडे, तो मुळांत कोठला? चंद्रपूर-वणी भागांतील कोळशाचे थर पंचवीस कोटी वर्षांहून अधिक जुने आहेत, आणि त्या काळच्या विस्तीर्ण दलदलींत सांचलेल्या वनस्पतींपासून ते बनले. तेव्हां महाराष्ट्रांत पीट मुळींच नव्हतें असें नाहीं; होतें, तें कोळसा होऊन राहिलें. कोळसा जाळूं नये असें सांगणाऱ्या जगानें कोळशाच्या या बालरूपाकडे मात्र फार उशिरां लक्ष दिलें.

आतां हा ठेवा केवढा आहे तें ऐकावें. पृथ्वीच्या एकूण जमिनीपैकीं पीटभूमि अवघी तीन-चार टक्के. तरीही जगांतील सर्व मातींत मिळून जेवढा कर्ब आहे, त्याचा सुमारें एकतृतीयांश या लहानशा भागांत सांठलेला आहे. साऱ्या जगांतल्या अरण्यांच्या खोडांत, फांद्यांत व पानांत मिळून जितका कर्ब आहे, त्याहून हा अधिक भरतो. मध्य आफ्रिकेंत कांगो नदीच्या खोऱ्यांतील पीटभूमीचा पहिला नकाशा २०१७ सालीं प्रसिद्ध झाला. ती सुमारें १,४५,५०० चौरस किलोमीटर आहे, आणि तींत जवळजवळ ३,००० कोटी टन कर्ब आहे, असा शास्त्रज्ञांचा हिशेब निघाला. इतका मोठा ठेवा इतके दिवस नकाशावरही नव्हता!

बरणींतलें तेल काढून घेतलें तर काय होतें, याचा एक पुरावा इंग्लंडच्या पूर्व भागांत उभा आहे. १८५१ च्या सुमारास तेथील व्हिटलसी मिअर नांवाचें सरोवर शेतीसाठीं उपसून कोरडें केलें. शेजारच्या होम फेन या दलदलींत एक खांब खालच्या घट्ट मातीपर्यंत ठोकला आणि त्याचा माथा जमिनीच्या सपाटीला आणून ठेवला. आज त्या जागीं असलेल्या लोखंडी खांबाचा माथा जमिनीपासून सुमारें चार मीटर उंच आहे. खांब वाढला नाहीं. पाणी गेल्यावर पीट सुकलें, दबलें, कुजलें, आणि त्यांतला पुष्कळसा भाग हवेंत उडून गेला. जमीनच खालीं गेली.

दुसरा पुरावा अधिक भयंकर आहे. इंडोनेशियाच्या सरकारनें १९९५ च्या अखेरीस बोर्निओ बेटावरील मध्य कालिमंतान प्रांतांत भाताची प्रचंड लागवड करण्याचें ठरविलें. सुमारें दहा लाख हेक्टर दलदलीचें रान त्यासाठीं निवडलें आणि चार हजार किलोमीटरांहून अधिक लांबीचे कालवे खणले. हेतु वाईट नव्हता. लोकांना तांदूळ पाहिजे होता. पण कालव्यांनीं पाणी बाहेर काढलें, भात पिकला नाहीं, आणि १९९७ सालीं पाऊस लांबतांच वाळलेली जमीन पेटली. ही आग झाडांची नव्हती, जमिनीची होती. ती वरून विझलेली दिसे आणि खालून धुमसत राही. त्या वर्षीं इंडोनेशियांतील आगींत ८१ कोटी ते २५७ कोटी टन कर्ब हवेंत गेला असावा, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. साऱ्या जगांत त्या काळीं वर्षभर कोळसा व तेल जाळून जितका कर्ब हवेंत जाई, त्याच्या १३ ते ४० टक्के इतकी ही राशि होते. २०१५ सालीं पुन्हां तशाच आगी लागल्यावर त्या देशानें २०१६ मध्यें एक स्वतंत्र खातें निर्माण केलें. त्याचें मुख्य काम कोणतें? पूर्वीं खणलेल्या कालव्यांना बांध घालून पाणी पुन्हां अडविणें.

शेतीनें जें केलें, तेंच खाण आणखी झपाट्यानें करते. खाणीचा खड्डा कोरडा राहावा म्हणून पंप रात्रंदिवस चालवावे लागतात. त्यानें खड्ड्यांतलेंच नव्हे, भोंवतालच्या जमिनींतलेंही पाणी ओढलें जातें, आणि खाणीच्या हद्दीबाहेरचें पीटही सुकूं लागतें. कानडा देशांत हडसन उपसागराच्या दक्षिणेस जगांतील अति विशाल पीटभूमींपैकीं एक पसरलेली आहे. २००७ पासून तिच्या पोटांत निकेल व क्रोमाइट यांचे सांठे आढळल्यामुळें तेथें खाणी काढाव्या कीं नाहीं यावर मोठा वाद माजला आहे. निकेल विजेवर चालणाऱ्या मोटारींच्या बॅटरींत लागतें. म्हणजे हवेंतला कर्ब कमी करण्याच्या साधनासाठींच कर्बाचें कोठार उघडावें कीं काय, असा हा पेंच आहे. खनिज मनुष्याला लागतें, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. परंतु खाणीच्या जमाखर्चांत सुकलेल्या दलदलीची नोंद खर्चाच्या बाजूस केल्याविना तो जमाखर्च खरा कसा म्हणावा?

यांत हवामान-बदलाची भर पडते. उन्हाळे तापले, कोरडे दिवस वाढले, कीं दलदलीची पातळी आपोआप खालीं जाते. उत्तर ध्रुवाकडील देशांत कांहीं पीट हजारों वर्षें गोठलेलें आहे. तें वितळूं लागलें आहे. सुटलेला कर्ब हवा आणखी तापवितो, आणि तापलेली हवा आणखी पीट सुकविते. व्याजावर व्याज चढावें तसा हा प्रकार आहे. आजच सुकविलेल्या व बिघडविलेल्या पीटभूमींतून निघणारे वायु मनुष्यकृत उष्णताकारक वायूंपैकीं सुमारें ४ टक्के भरतात.

येथें एक शंका न्याय्य आहे. ओल्या दलदलींतून मिथेन वायु निघतो, आणि तोही हवा तापवितो. मग ती ओली ठेवण्यांत लाभ कोणता? मिथेन निघतो हें खरें. परंतु तो हवेंत सुमारें दहाबारा वर्षांत विरून जातो. सुकलेल्या पीटमधून सुटलेला कार्बन डायऑक्साइड, ज्याला जुन्या क्रमिक पुस्तकांत कर्बाम्ल वायु म्हणत, त्याचा बराच भाग शतकानुशतकें हवेंत टिकून राहतो. म्हणून दीर्घ मुदतीचा हिशेब ओल्या दलदलीच्याच बाजूनें लागतो.

आतां आपल्या देशाकडे वळूं. निलगिरीच्या पठारावर, उटकमंडजवळ, डोंगरांमधील ओलसर खोलगट जागीं खरेंखुरें पीट आहे. तेथील थरांच्या परीक्षणावरून मागील सुमारें वीस हजार वर्षांत मोसमी पाऊस केव्हां वाढला व केव्हां घटला, याचा इतिहास शास्त्रज्ञांनीं १९९३ सालीं प्रसिद्ध केला. ज्या पावसावर खानदेशची कपाशी आणि खानदेशचें पोट अवलंबून आहे, त्या पावसाची जुनी वही त्या चिखलांत लिहिलेली आहे. चिखल सुकला कीं वहीचीं पानें गळूं लागतात.

महाराष्ट्रांत असें खरें पीट नसलें, तरी त्याच नियमानें चालणारी एक जागा आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यांत, दोडामार्ग तालुक्यांत, हेवाळे-बांबर्डे येथें जायफळाच्या कुळांतील रानटी वृक्षांची एक दलदल आहे. या वृक्षांचीं मुळें चिखलांत गुदमरूं नयेत म्हणून गुडघा वर काढल्याप्रमाणें जमिनीबाहेर वळून येतात व हवा घेऊन पुन्हां खालीं जातात. अशा दलदली मुख्यतः केरळ व कर्नाटक या भागांतल्या. गोव्यांत सत्तरी तालुक्यांत निरंकाराची राई म्हणून देवाच्या नांवानें राखलेली एक आहे. बांबर्ड्याची दलदल २०१८ सालीं शास्त्रीय नियतकालिकांत नोंदली गेली, तेव्हां ती या जातीच्या दलदलींत सर्वांत उत्तरेकडची ठरली. २०२१ सालीं राज्य सरकारनें तिला जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर केलें. तिचें क्षेत्र किती? २.५९ हेक्टर, म्हणजे साडेसहा एकरांच्याही आंत. खानदेशांत एवढ्या रानाचा धनी मोठा शेतकरी म्हणवीत नाहीं.

या साडेसहा एकरांचें भवितव्य त्याच्या कुंपणांत नाहीं. तें डोंगरांतून झिरपत येणाऱ्या पाण्यांत आहे. आणि या डोंगराळ मुलखांत लोहखनिज आहे. दोडामार्ग तालुक्यांतच कळणें येथें लोहखनिजाची खाण आहे. जुलै २०२१ च्या अतिवृष्टींत त्या खाणीचा बांध फुटून लाल चिखलाचें पाणी खालच्या वस्तींत व बागायतींत शिरलें. डोंगर पोखरला तर पाण्याची वाट किती बदलते, हें त्या दिवशीं लोकांनीं डोळ्यांनीं पाहिलें. पश्चिम घाटाच्या रक्षणासाठीं माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या समितीनें २०११ सालीं आपला अहवाल दिला. पुढें मार्च २०२४ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यांतील २५ गांवें संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित करण्याची कार्यवाही करावी, असा आदेश केंद्र सरकारला दिला. झाड तोडूं नये, एवढ्या मनाईनें दलदल वांचत नाहीं. झाडाला हात न लावतां वरचा झरा तोडला, तरी झाड जातें आणि चिखलांतला ठेवाही जातो. एकट्या बरणीला कुलूप लावून तळाशीं भोंक पाडण्यासारखेंच तें आहे.

कोंकणच्या खाड्यांतील कांदळवनांचीही गोष्ट हीच. खाऱ्या चिखलांत तीं जो कर्ब पुरून ठेवतात, तो भरतीच्या पाण्याच्या पहाऱ्यांत असतो. मुंबईच्या आसपास भराव घालून आधीं भरतीची वाट बंद करावी आणि मग झाडें आपण होऊन वाळलीं असें म्हणावें, हा प्रकार पुष्कळदां घडला. मुंबई उच्च न्यायालयानें २०१८ सालीं कांदळवनांच्या नाशास राज्यभर मनाई केली. २०१२ पासून वनखात्यांत कांदळवनांसाठीं निराळा कक्षही काम करीत आहे. दोडामार्गास अजून चालूं असलेली लढाई येथें कांहीं अंशीं तरी जिंकली गेली आहे.

खानदेशच्या माणसानें यांतून काय घ्यावें? आपल्या महसुली दप्तरांत पिकाला निरुपयोगी असलेल्या जमिनीला पोटखराबा म्हणतात. शेतकरी पाणी धरून ठेवणाऱ्या जमिनीला चिबड म्हणून नांवें ठेवतो. शेताच्या हिशेबानें हे शब्द बरोबर आहेत. पण या शब्दांची संवय अशी जडली आहे कीं, जेथें पाणी सांचतें ती जागा वायां गेली, असें शिकलेला माणूसही सहज बोलून जातो. तळ्यांचे कांठ, नाल्यांच्या बाजूच्या ओलसर पट्ट्या, डोंगराच्या पायथ्याचे झरे भराव घालून बुजविले जातात, ते याच समजुतीनें. गिरणेच्या पात्रांतून बेसुमार वाळू उपसली कीं कांठच्या विहिरींचें पाणी खोल जातें, हें कांठच्या गांवांस सांगावें लागत नाहीं. वाळू कर्ब राखीत नाहीं, पाणी राखते; पण पाणी राखणाऱ्याला हलविलें कीं भोंवतालचें सारें हलतें, हा नियम तेथेंही तोच आहे.

शहरांतील सुशिक्षित कुटुंबालाही करण्याजोगें थोडेंबहुत आहे. गच्चीवरील कुंड्यांसाठीं दुकानांत पीट मॉस नांवाची जी हलकी तपकिरी माती मिळते, ती परदेशांतल्या दलदली खणून आणलेली असते. नारळाच्या काथ्याचा भुसा व घरचें कंपोस्ट खत यांनीं तेंच काम होतें. आयर्लंडसारख्या देशानें पिढ्यान्‌पिढ्या पीट जाळून घरें उबविलीं. तेथील सरकारी पीट कंपनीनेंही २०२१ सालीं आपलें खणणें कायमचें बंद केल्याचें जाहीर केलें. शेत असलेल्या घरांनीं कपाशीच्या पऱ्हाट्या बांधावर पेटवून न देतां बारीक करून मातींत मिसळाव्या. आपल्या काळ्या जमिनींत शेंकडा एकाच्याही आंत असलेला कर्ब तेवढा तरी वाढेल. आणि जेव्हां एखाद्या ओल्या जागेवर खाण, रस्ता किंवा वसाहत येणार असें वर्तमानपत्रांत वाचनांत येईल, तेव्हां किती झाडें तुटणार या प्रश्नाच्या आधीं दुसरा प्रश्न विचारावा: तेथलें पाणी कोठें जाणार?

हा प्रश्न साधा आहे, पण कालिमंतानमध्यें तो कोणी वेळेवर विचारला नाहीं. दलदलीचा ठेवा आपण निर्माण केलेला नाहीं आणि गेला तर आपल्या नातवंडांच्या नातवंडांनाही तो भरून काढतां येणार नाहीं. वर्षाला नखाएवढाच तो वाढतो. आपल्या हातीं आहे तें इतकेंच कीं, जेथें पाणी आहे तेथें तें राहूं द्यावें. लोणच्याची बरणी सांभाळणाऱ्या प्रत्येक घराला ही राखण नवी नाहीं. फोडी मोजून भागत नाहीं. तेल वरपर्यंत आहे ना, तें पाहावें लागतें.